एक मिलिमीटर

“हनुवटी जरा वर. अजून थोडी. बस! आता हलू नकोस.”

फोटोवाल्याने बटण दाबलं आणि सव्वीस वर्षांच्या धंद्यात दुसऱ्यांदा जाणूनबुजून वाईट फोटो काढला. स्टुलावर त्याची स्वतःची लेक बसली होती. तिच्या डाव्या कानावर केसांची एक बट आली होती. त्याला ती स्पष्ट दिसली होती, पण त्याने ती तशीच राहू दिली.

परदेशी जाणाऱ्यांचे फोटो काढावेत तर त्यानेच. स्वतः तो कधी कुठे गेला नव्हता, पण कोणत्या देशाला काय चालतं आणि काय खपत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. देशांना तो त्यांच्या नावाने ओळखतही नसे. एक होता कानवाला देश, त्याला दोन्ही कान उघडे लागत. एक हसण्याचा वैरी. एक तर इतका किचकट की हनुवटीपासून टाळूपर्यंत मिलिमीटर मोजून घेई. या दुकानातून गेलेला फोटो कधी परत आला नव्हता. हे सांगताना त्याची मान ताठ होई.

मग एक परत आला, आणि तो लेकीचाच.

त्याचं असं झालं. लेक परीक्षेत बऱ्यापैकी मार्क घेऊन पास झाली आणि तिच्या मामाच्या डोक्यात भरलं की पोरीने पुढचं शिक्षण परदेशातच घ्यायचं. मामाला नाही म्हणण्याची या घरात पद्धत नव्हती. फोटोवाल्याचं लग्न मामाने जमवलं होतं, दुकानाची जागा मामाने हेरली होती, लेकीची शाळासुद्धा त्यानेच ठरवली होती. आता तो काखेत जाडजूड फाईल घेऊन आला. कुठे थंडी कमी, कुठे नोकरी लवकर, कुठले प्राध्यापक बरे, सगळं त्यात होतं. तासभर बोलून त्याने एक देश निवडला, पाणी प्यायला आणि विचारलं, “काय मग?”

“बरं, मामा,” लेक म्हणाली.

“दादाने विचार करूनच ठरवलं असणार,” तिची आई म्हणाली.

“उत्तम!” असं म्हणून फोटोवाला दुकानात गेला आणि पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिला. एकुलती एक लेक. तिने जाऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं. पण मेहुण्यासमोर तोंड उघडायची हिंमत नव्हती, आणि पोरीने हौसेने ‘बरं’ म्हटलेलं. बाप होऊन तिच्या आड कसं यायचं? मग त्याने तोंड बंद ठेवलं आणि हात चालवला. लेकीच्या फोटोत डोकं एक मिलिमीटर कमी भरेल अशी तजवीज केली.

मामाचा शिरस्ता असा की कुठलाही अर्ज शेवटच्या दिवशी भरायचा. फोटो मापात नाही म्हणून अर्ज परत आला, तोवर मुदत टळून गेली होती.

मामाने फाईल उघडली आणि दुसरा देश काढला. तो निघाला कानवाला. लेक पुन्हा “बरं, मामा” म्हणाली, पुन्हा स्टुलावर बसली, आणि पुढे त्या बटेने आपलं काम चोख केलं. ‘डावा कान दिसत नाही,’ एवढं एकच वाक्य उत्तरात आलं.

आता मात्र मामाचा पारा चढला. “तुमच्या हाताला झालंय तरी काय?” तो दुकानात येऊन कडाडला. “सगळ्या गावाला परदेशी पाठवता आणि घरच्या पोरीचे फोटो परत येतात? चल गं, मी नेतो तुला दुसऱ्या स्टुडिओत.”

लेक जागची हलली नाही. “नाही मामा. माझा फोटो काढतील तर माझे बाबाच.”

फोटोवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोनदा नाव बुडवलं तरी पोरीचा एवढा विश्वास! आपण बाप आहोत की कोण? तो लेन्स पुसायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेला, डोळे पुसून आला आणि ठरवलं, बस झालं. तिला जायचंय तर जाऊ दे.

मामाने तिसरा देश निवडला. मापाला पहिल्याहूनही किचकट, नेमका तो मिलिमीटरवाला. या वेळी फोटोवाल्याने जीव ओतला. दिवे दोनदा लावून पाहिले. लेकीचे केस स्वतःच्या हाताने दोन्ही कानांमागे सारले. पडद्यावर सावली पडत होती, म्हणून स्टूल वीतभर पुढे ओढलं. “हसू नकोस,” तो म्हणाला आणि स्वतःच रडवेला झाला. कागद छापून आला तेव्हा त्याने पट्टी लावून तीन वेळा मापलं. केसभरही चूक नव्हती. सव्वीस वर्षांत इतका नेटका फोटो त्याने काढला नव्हता.

छातीवर दगड ठेवून त्याने फोटो लेकीच्या हातात दिला.

लेक याच दुकानात लहानाची मोठी झालेली. तिने सवयीने पट्टी उचलली, हनुवटीपासून टाळूपर्यंत धरली. मग पुन्हा एकदा धरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“बाबा, हे काय करून बसलात? पहिला फोटो परत आल्यापासून तुमच्याच भरवशावर मी मामाला हो म्हणतेय, आणि आज नेमका बरोबर काढलात!”