घाण्यावरचा अबोला

सफाक्स शहरात आपल्या जैतुनाच्या घाण्यावर स्कंदर आणि मुफीदा हे नवराबायको तेलाच्या टाकीसाठी दोन सर्किट बोर्ड जोडत होते. सकाळी त्याने सासूबाईंच्या हरिसा चटणीला नावं ठेवली, तेव्हापासून तिने अबोला धरला होता. त्याचा बोर्ड तिच्या बोर्डाला मजकूर पाठवी, पण तिच्या पडद्यावर नुसती गिचमिड उमटे. वायरी बदलून झाल्या. दारात जैतुनाच्या गोण्या येऊन पडल्या, तेव्हा तिला बोलावंच लागलं.

"पाठवायचा वेग किती ठेवलायस?"

"सेकंदाला एक लाख पंधरा हजार दोनशे बिट."

"मी नऊ हजार सहाशे! दोन्हीकडे सारखाच लागतो ना? विचारायचं नाही?"

"कुणाला? तू बोलतेस का?"

तिने आकडा बदलला. गिचमिड जाऊन अक्षरं उमटली: 'चुकलो, राणी.' सकाळपासून तो हेच पाठवत होता.

मुफीदाने हसू दाबलं. "अजून नीट दिसत नाही. तोंडाने सांग."