फडतऱ्यांचं लॉन

हे स्थळ जमलं तर मुलीला बागायतदार सासर मिळणार होतं आणि फडतरेभाऊंना चारचौघांत मिरवायला व्याही. म्हणून तर मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी खिडकीतून परसातल्या तळ्याकडे बोट दाखवलं. तिळाएवढ्या पानांचं डकवीड त्यावर इतकं दाट माजलं होतं की पाणी दिसतच नव्हतं.

"आमचं लॉन. खास पुण्याहून माणूस बोलावून केलंय."

मुलाचे मामा खूश झाले. पोहे संपताच मागच्या दारी जाऊन त्यांनी चपला काढल्या. "गवतावर अनवाणी चाललं की डोळे सुधारतात, भाऊ."

लॉनवर चालणाऱ्याला थांबवायचं तरी काय सांगून? भाऊ शब्द शोधत होते तोवर मामा धपकन आत गेले. पाणी कमरेएवढंच होतं, पण वर आले ते मिशीसकट हिरवे. मुलगी फिसकन हसली, मुलगाही हसला, आणि दोघांचं तिथंच ठरलं.

मामांनी घरी जाऊन ओला पायजमा आपल्या कमळांच्या तळ्याकाठी झटकला. त्याला चिकटून आलेली दोन-चार पानं दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत राहिली.

साखरपुडा मामांकडेच झाला. जेवणं झाल्यावर त्यांनी भाऊंना सगळ्यांदेखत हाताला धरून मागे नेलं.

"आमच्याकडंही लॉन झालंय, भाऊ. जरा चालून बघा की."

मुलाकडच्यांना नाही म्हणायची मुलीच्या बापाला सोय नव्हती. भाऊंनी नव्या चपला काढल्या, खिशातला मोबाइल बायकोच्या हातात दिला आणि विचारलं, "माणूस पुण्याचाच ना, मामा?"