दुसरी सही

“ही शेवटची सही,” हॅना ॲक्रॉइड नव्या सुनेच्या कानाशी पुटपुटली. “यापुढे कुणी कसलाही कागद पुढे केला, तरी पेन हातात धरायचं नाही. कळलं ना?”

आयव्हीनं चर्चच्या नोंदवहीत नाव लिहिलं, शाई टिपली आणि नुसती मान हलवली.

“तोंडानं बोल. शब्द दे.”

“दिला, आई.”

शनिवारी लग्न उरकलं ते असं. ना घंटा, ना गाणं, ना फोटो. हॅनाचा थोरला मुलगा आर्थर एप्रिलमध्ये बेल्जियमच्या लढाईत गेला, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. दुखवट्याच्या घरातलं लग्न म्हणून आयव्हीनं पांढरा सोडून करडा झगा घातला होता. टोरोंटोच्या आमच्या वस्तीत सगळे विलायतेहूनच आलेले, एकमेकांच्या घरचा चहा पिणारे. पण बोलावली मोजून सहा माणसं. घाई बघून काहींनी आयव्हीच्या पोटाकडे पाहिलं. बघेनात का! खरं कारण हॅनाला ठाऊक होतं, आणि शेजारच्या सग्डनबाईंना.

सग्डनबाईंचा भाडेकरू मे महिन्यात सैन्यात नाव घालायला गेला आणि तासाभरात तोंड पाडून परत आला. १९१५ साली आमच्याकडे लग्न झालेल्या माणसाला बायकोच्या लेखी परवानगीशिवाय घेत नव्हते, आणि त्याच्या बायकोनं सही करायला साफ नकार दिला होता. “एवढीशी बाई, पण राजाच्या फौजेला आडवी आली बघ!” सग्डनबाई हसून हसून सांगत होत्या. हॅना हसली नाही. तिच्या घरात धाकटा विल्फ होता. चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा, भावाची बातमी आल्यापासून ताट अर्धं टाकून उठणारा. गल्लीतली निम्मी पोरं गेली होती. हा आज जातो की उद्या, एवढंच उरलं होतं.

दुसऱ्याच दिवशी हॅना डनलॉपच्या दारात जाऊन उभी राहिली. त्या दारात पाय ठेवणार नाही अशी तिची शपथ होती. आयव्हीचा बाप डनलॉप इथलाच जन्मलेला, वीटभट्टीवर मुकादम. ॲक्रॉइड कुटुंब यॉर्कशरहून नवं नवं आलं, तेव्हा भट्टीच्या फाटकावर पाटी होती, ‘इंग्रजांनी काम मागायला येऊ नये’. ती डनलॉपनं आपल्या हातानं ठोकलेली. त्या हिवाळ्यात काम शोधत हिंडताना हॅनाच्या नवऱ्याची छाती भरली, आणि त्यातच तो गेला. पुढे विल्फनं आयव्हीचं नाव काढलं, तेव्हा हॅना म्हणाली होती, “पाटीवाल्याची पोर? मी मेल्यावर आण.” विल्फनं नाव काढायचं सोडलं. आता त्याच पोरीचा हात मागायला ती स्वतः गेली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात.

लग्नानंतर सगळे चहाला घरी आले. हॅमचे सँडविच होते, आणि चीजच्या तुकड्याबरोबर खायचा फळांचा केक होता.

“काय सूनबाई, सासूच्या हातचा केक गोड लागतोय ना?” सग्डनबाईंनी विचारलं. “आजच खाऊन घे. उद्यापासून तूच भाजायचा आहेस!”

माणसं हसली. हॅनाही हसली, एप्रिलनंतर पहिल्यांदाच. एक गेला, पण एक राखला, असं तिला वाटलं. तिनं विल्फच्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा वाढला.

विल्फनं ताटली बाजूला सरकवली. कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्यानं आयव्हीपुढे उलगडला. वर मुकुट छापला होता. खालच्या रिकाम्या ओळीवर ‘पत्नीची सही’ असं लिहिलेलं हॅनाला टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचता आलं.

“आत्ताच हवी का रे?” आयव्ही म्हणाली. “चहा तरी होऊ दे.”

“सोमवारी सकाळी हजर व्हायचंय.”

आयव्हीनं पेन घेतलं.

हॅना इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे कलंडली. “पोरी! अगं, मला शब्द दिलास! चर्चमध्ये, देवासमोर! दोन तास नाही झाले!”

आयव्हीनं नाव पुरं लिहिलं. मग कागद नवऱ्याकडे सरकवला आणि मान वर केली. डोळे भरले होते.

“खोटा दिला. देव मला माफ करो. खरा शब्द आधी विल्फला दिला होता. तुम्ही आमच्या घरी आलात ना, त्याच संध्याकाळी तो आला. म्हणाला, सही देणार असशील तर लग्न करू, नाहीतर मी असाच जातो.”

“आणि तू हो म्हणालीस? कसली गं बायको तू?”

“दोन दिवसांची,” आयव्ही म्हणाली. “तेवढीच मिळत होती.”

विल्फ “आई, पुरे आता” म्हणाला, पण हॅनानं त्याच्याकडे पाहिलं नाही. सग्डनबाईंनी हातातला कप हळूच खाली ठेवला. टेबलाची कड धरून हॅना सुनेपुढे वाकली आणि अजिजीनं म्हणाली, “फाड तो. अजून वेळ आहे. पाया पडते तुझ्या.”

“आई, त्याला पाठवायची हौस मला आहे का हो?” आयव्ही आता उघडउघड रडत होती. “दोन वर्षांपूर्वी त्यानं मला मागणी घातली, तेव्हा लढाई नव्हती. त्याची काही अटही नव्हती. तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. तेव्हाच मी या घरात आले असते, तर मला कुणालाच शब्द द्यावा लागला नसता. आज हा कागद पुढे आला असता, आणि मी सही केली नसती.”