पहिली ओढ

"ताई, धामणीचं लाकूड सावलीत वरीसभर वाळू द्या. आगीजवळ धरलं तर आतनं चिरतंय," धनुष्य बनवणाऱ्या इमामसाबांनी बजावलं होतं. पण विजयमालेच्या लेकीच्या अशक्त छातीला डॉक्टरांनी धनुष्य ओढायचा व्यायाम सांगितलेला. बी.ए. झालेल्या विजयमालेला वर्षभर धीर कुठला? तिने ओली फांदी न्हाणीच्या चुलीवर महिन्यात वाळवली आणि गेल्या साली तोडलेली म्हणून इमामसाबांना दिली.

धनुष्य तयार झालं. लेकीने हात पुढे केला.

"थांब की गं. पयली ओढ बनवणाऱ्याची," म्हणत इमामसाबांनी दोरी कानापर्यंत ओढली. धनुष्य मोडलं, ढलपी उडाली. रक्ताळलेला डोळा दाबून ते म्हणाले, "पोरीला लागलं न्हाय न्हवं?"

विजयमालेने त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही. इमामसाबांच्या अक्कलकोटला जाणार असाल, तर त्यांचा डोळा कसा आहे, तेवढं बघून या.