सव्वादोन फेरे

मिस्त्रींनी स्क्रूच्या खाचेत पेचकस बसवला आणि मोजत मोजत स्क्रू आत पिळला. एक. दोन. वर पाव. स्क्रू तळाला टेकला. त्यांनी खडूने बाकावर 'सव्वादोन' लिहिलं आणि मगच तो पूर्ण काढून बाजूला ठेवला. इंजिनाने किती हवा घ्यायची ते हा एवढासा स्क्रू ठरवतो. त्याची जागा चुकली की धडधाकट गाडीही खोकत बसते. चाळीस वर्षांत फेरे न मोजता मिस्त्रींनी एकही कार्बोरेटर उघडला नव्हता.

ही गाडी, जुनी मोटरसायकल, लेकीची. दोन वर्षं गॅरेजच्या कोपऱ्यात चादरीखाली उभी होती. आतलं पेट्रोल आटून कार्बोरेटरच्या वाटीत त्याचा पिवळा, चिवट डिंक झाला होता. लेक दुसऱ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये नोकरीला निघाली त्या दिवशी शब्दाने शब्द वाढला, आणि मिस्त्री म्हणाले, "जातेस तर जा." ती गेली. आता तिचा फोन आईला येतो. "बाबा बरे आहेत ना," एवढं ती विचारते. मिस्त्री तेव्हा हातातलं काम थांबवून कान टवकारतात आणि आपलं लक्षच नाही असं दाखवतात.

त्यांनी रबराच्या रिंगा काढून ठेवल्या, कारण क्लीनरमध्ये रबर फुगून कामातून जातं. बाकीचं सगळं चाळणीत घालून क्लीनरच्या डब्यात बुडवलं, झाकण लावलं. आता चार तास करण्यासारखं काही नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती.

थोड्या वेळाने बायको दारात आली.

"अहो, भात शिजतोय का तो? सारखं काय झाकण उघडताय?"

"भिजतंय का ते बघतो. कोपरा अडलाय उगाच, म्हटलं एकदाची चालू करून ठेवावी."

"दोन वर्षं भिजत घोंगडं पडलंय घरात. आता चार तास दम निघेना." ती हसली नाही. आतही गेली नाही. तिथेच स्टुलावर बसून राहिली.

दुपार कलली तेव्हा मिस्त्रींनी चाळणी वर काढली. डिंक सुटला होता. पेट्रोल सोडणारा पितळी जेट त्यांनी धुतला, हवा मारली आणि खिडकीकडे धरून एक डोळा मिटला. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पलीकडचा उजेड दिसला. रिंगा बसल्या, वाटी बसली, कार्बोरेटर गाडीवर चढला. उरला तो स्क्रू.

याच स्क्रूवरून बापलेकीचं रोज वाजायचं. "कंपनी तळापासून दीड फेरा सांगते," मिस्त्री म्हणायचे. "कंपनीला कुठे कान आहेत, बाबा?" लेक म्हणायची. ती मोजायचीच नाही. डोळे मिटून ऐकायची आणि हवा तिथे थांबायची. मग गाडी अशी संथ, जड आवाजात चालायची की गल्लीच्या वळणावरच कळावं. मिस्त्री मान वर न करता म्हणायचे, "आली." दोन वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. त्या आवाजासाठी जीव तुटायचा त्यांचा. आवाजासाठी, आणि तो घेऊन घरी येणारीसाठी.

त्यांनी स्क्रू आत बसवला. तळाला टेकवून कंपनीच्या दीड फेऱ्यावर मागे आणला आणि मुद्दाम तिथेच सोडला. मग तळहाताने बाकावरचा खडू पुसून टाकला.

"तिला फोन लाव."

बायकोने पांढऱ्या झालेल्या तळहाताकडे पाहिलं. "काय सांगू?"

"मी बोलतो."

तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि गाडीच्या सीटवर ठेवला. "चार्जिंग भरपूर आहे," एवढंच म्हणाली.

"बोल गं आई."

"मी बोलतोय."

मिस्त्रींनी घसा खाकरला. "तुझ्या गाडीचा कार्बोरेटर साफ केला. स्क्रूचे फेरे मोजायचे राहिले माझ्याकडून."

"तुमच्याकडून?"

"वय झालं आता."

ती म्हणाली, "मी कुठे मोजून लावला होता? ऐकावं लागेल. चालू करा."

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. खोकत, अडखळत चालू राहिली. मिस्त्रींनी पेचकस लावला.

"उघडा थोडा," लेक म्हणाली. "अजून. अजून. हां, जास्त झाला. किंचित मागे. बस."

मोजायचं नाही असं ठरवूनही मिस्त्रींच्या बोटांनी मोजलंच. दोन. वर पाव. आणि गॅरेजमध्ये तो आवाज आला, संथ, जड, वळणावरून यायचा तसाच. बायकोने पदर डोळ्यांना लावला. गाडी आपली चालत राहिली.

"झालं की हो," लेक शेवटी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "मग... ठेवू?"

मिस्त्रींनी पेचकस हळूच अर्धा फेरा पिळला. गाडी पुन्हा खोकायला लागली.

"अगं थांब जरा," ते म्हणाले. "बिघडलं बघ परत. ऐक."

लेकीने ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"बाबा, स्क्रूवरचा हात काढा," ती म्हणाली. "मी नाही ठेवत फोन."