अल्पशा आजाराने

वर्षाच्या पहिल्या मुलीचं बारसं ज्या साली झालं, त्या सालची ही गोष्ट. आणि दिवसही बारशाचाच. पाळण्याला फुलं बांधायची टाकून सुभद्राबाई, म्हणजे वर्षाची आई, डिंडोलीकडच्या पडीक मैदानात येऊन ठेपली होती. मागोमाग तिचा दीर विठ्ठल. दोघांनाही धाप लागली होती. विठ्ठलची चालण्याची, बाईची रागाची.

मैदानात तिचा मुलगा चेतन गुडघ्यावर बसून विमानाला रबरानं पंख बांधत होता. रिमोटवर उडणारं, घरी केलेलं विमान. रिमोट कुणीतरी वापरून विकलेला, विमानाच्या आतल्या तारा सायकलच्या आऱ्यांच्या. थर्माकोलचे आधीचे दोन पंख एकेका उड्डाणातच मोडले, म्हणून तिसऱ्यासाठी त्यानं घरातला सनबोर्ड, फलक करतात तो हलका फोमचा पुठ्ठा, कापला होता. घरात सनबोर्ड एकच. भिंतीवरचा, बापाच्या श्रद्धांजलीचा.

"हाई काय करं रे तू?" सुभद्राबाई लांबूनच ओरडली. "बापले कापीसन इमान करं?"

"फोटो नाही कापला, माय. तो कपाटात ठेवलाय, कापडात गुंडाळून. खालचा भाग घेतला फक्त. अक्षरांचा."

"मग भिंतीवर काय लावू? तुझं थोबाड?"

"संध्याकाळी मिलचा भाईदासशेठ बारशाला येतोय," विठ्ठल म्हणाला. "दहाव्याला मिलतर्फे बोर्ड त्यानंच आणून दिला होता. भिंत मोकळी बघून काय म्हणेल? त्याच्याच हाताखाली राबतोस ना, शहाण्या?"

सुभद्राबाईनं विमान हिसकावून घेतलं. तिला वाचता यायचं, सावकाश, बोट ठेवून. पंखावर बोट फिरत गेलं. 'अल्पशा आजाराने. गुरुवार, दि. ८ फेब्रुवारी २०२४.' त्याखाली मिलचं नाव, लाल, सगळ्यांत ठळक.

यातलं काहीच तिला नवं नव्हतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनचं झाकण वाफेनं उडालं आणि तिचा नवरा जागेवर गेला. मिलवाल्यांनी त्याला दवाखान्यात नेऊन ठेवलं, दोन दिवस कुणाला भेटू दिलं नाही, आणि मग आजारानं गेला म्हणून कळवलं. घरी रोजच्या हाराखाली ती अक्षरं झाकलेली असायची. इथं उन्हात ती उघडी होती.

"आजार कोणता होता, भाऊजी?"

"वहिनी, इथं नको."

"पावणेदोन वर्षं मी त्या आजाराला हार घालते आहे. नाव तरी कळू द्या त्याचं!"

विठ्ठलनं मान फिरवली. बाईनं अक्षरांवर नख घातलं आणि खरवडायला लागली.

"नको माय, नको!" चेतन धावला. "वरचं कातडं गेलं की पंखात दम राहत नाही. हवेत मिटतो."

ती थांबली. विमान उलटं करून पाहिलं. खालची बाजू कोरी, पांढरीफेक होती.

"इथं लिही. खालून माणसांना हीच बाजू दिसेल ना?"

चेतननं पिशवीतून जाड मार्कर काढला, पण उघडला नाही. "माय, लोक बघतात. उद्या मिलमध्ये कळलं तर काम जाईल माझं."

"काम!" बाई थुंकली. "त्याच मशीनवर घातलंय तुला. झाकण तरी बदललं का रे त्यांनी?"

चेतननं मार्करचं टोपण दातानं ओढून काढलं.

"लिही. गजेंद्र राघो पाटील."

विठ्ठल दचकला. नवऱ्याचं नाव तिनं आजवर उखाण्यातच घेतलं होतं. आज सरळ घेतलं, शिवी हासडावी तसं.

"मिलमध्ये, कामावर असताना मेले. मंगळवारी, संध्याकाळी..."

"संध्याकाळी नाही."

दोघांनी वर पाहिलं. विठ्ठल जमिनीकडे बघत होता. त्या दिवशी शेजारच्या मशीनवर तो होता, हे तिला माहीत होतं. त्यापुढचं त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"जेवणाच्या सुट्टीआधी गेला, वहिनी. भाकरीचा डबा भरलेलाच होता. मी झाकण लावून मिलमागच्या नाल्यात टाकला. तुमच्या हातात कसा देऊ?"

बाई रडली नाही. "ऐकलंस ना?" ती मुलाला म्हणाली. "तसंच लिही."

चेतननं लिहिलं. मग रिमोट गळ्यात अडकवला, पंखाची पाती डावी-उजवी हलवून पाहिली. त्याचे दोन्ही हात रिमोटवर. विमान हवेत फेकायला दुसरं माणूस लागतं. तो काही म्हणायच्या आत विठ्ठलनं विमान उचललं आणि चार ढांगा धावत जाऊन जोरानं फेकलं, कुणाच्या तरी तोंडावर फेकावं तसं.

ते गवतापर्यंत खाली गेलं, सावरलं, आणि चढलं. मैदानाच्या कडेनं जाणारे कामगार सायकली थांबवून माना वर करून वाचू लागले.

गजेंद्र राघो पाटील मिलमध्ये, कामावर असताना मेले. मंगळवार, ६ फेब्रुवारी २०२४. जेवणाच्या सुट्टीआधी.