दुसरा कॅमेरा

हेल्मेटवर दोन कॅमेरे बांधून मुगोयानं जिंजा शहराजवळ नाईलच्या सगळ्यात खवळलेल्या धारेत आपली कयाक होडी घातली. दोन्हींतला कुठला विकत घ्यायचा, ते त्याच्या राफ्टिंगच्या ऑफिसला आजच ठरवायचं होतं. पहिल्याच्या व्हिडिओत आभाळ खाली, पाणी वर, नुसता हलकल्लोळ. दुसऱ्यानं सगळे हादरे गाळून तीच लाट अशी दाखवली, की जणू तळ्यात बदक चाललंय.

"हा दुसरा परत पाठव," साहेब म्हणाले. "हे बघून पर्यटक झोपतील."

मुगोयानं नेमका तोच व्हिडिओ फोनमध्ये घेतला. 'नदी सोड, मोटारसायकलवर भाडी मार,' म्हणून आईनं महिनाभर त्याचं डोकं खाल्लं होतं.

घरी ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. "बघ गं आई. उगाच जीव टांगणीला लावून बसतेस. आहे का यात काही?"

तिनं हात झटकून व्हिडिओ पाहिला. मग पुन्हा लावला, आणि या वेळी फोन कानाशी धरला. मुगोयाची चुळबुळ सुरू झाली. ऑफिसात चित्रच तपासायचं होतं, आवाज कुणी लावलाच नव्हता.

"अगं, ते बघायचं असतं. ऐकतेस काय?"

तिनं फोन खाली ठेवला.



"पाणी एवढं शांत होतं, तर मग तू मला हाका का मारत होतास रे?"